फुसका बार आणि दुसरी सही



म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून दहाबारा किलोमीटरांवर, येलवाल नावाचे गाव लागते. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हे नाव ठाऊक आहे ते विनोबांमुळे. १९५७ च्या सप्टेंबर महिन्यात ग्रामदानाचा विचार करण्यासाठी येथे परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान नेहरू तिला उपस्थित होते, आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांचे पुढारी तेथे एका बैठकीवर बसले होते. माणूस आपल्या जमिनीची मालकी शेजाऱ्यांवरील विश्वासापोटी सोडून देऊ शकेल काय, हा त्या परिषदेपुढील मूळ प्रश्न होता.

येलवाल मागे टाकून तोच रस्ता हुणसूरवरून पुढे कोडगूच्या डोंगरांत चढतो, आणि तेथे विश्वासाचा एक अगदी निराळा दाखला पाहावयास मिळतो. भारतात बंदूक बाळगावयाची तर परवाना हवा. कोडगूत मात्र कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या धारकांना या परवान्याची गरज नाही. १८६१ साली म्हैसूर व कोडगूचे कमिशनर मार्क कब्बन यांनी तेथील लोकांना निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून वगळले. पुढे स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तरी ती सूट टिकून राहिली. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली, आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. सप्टेंबरच्या आरंभी तेथे कैलपोळ्द नावाचा सण असतो. आपण खंडेनवमीला शस्त्रे पुजतो, तशा त्या दिवशी घरातील बंदुका देवघरापुढे मांडतात आणि त्यांना तोकपू नावाचे फूल वाहतात. तोकपू म्हणजे बंदुकीचे फूल. हे फूल आपल्याकडेही पावसाळ्यात कुंपणावर फुलते. आपण त्याला कळलावी म्हणतो! एकाच फुलाला दोन भाषांनी दिलेली ही दोन नावे ऐकली, म्हणजे बंदुकीविषयी आदर आणि धास्ती या दोन्ही भावना माणसाच्या मनात किती जवळजवळ नांदतात ते ध्यानात येते.

परंतु एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कायद्याने दिलेली सूट ही परवान्यापुरती असते. बंदुकीच्या दारूने आजवर कोणालाही, कोणत्याही कारणास्तव, सूट दिलेली नाही. ज्या माणसाच्या हाती आपण विश्वासाने बंदूक सोपविली, तो ती कशी भरतो, हा प्रश्न मग उरतोच. आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. एका वेळी एकच बार काढणाऱ्या, म्हणजे एकबारी, बंदुकीचा किंवा रायफलीचा बार स्वतःच्या हाताने भरताना कोणती काळजी घ्यावी, आणि ती काळजी वाटते तितकी सोपी का नसते, याचा थोडा विचार करू.

आपल्याकडे हाताने भरण्याचे सर्वांत परिचित हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, पिकांच्या संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांवर ती अजूनही आढळते. दारू मोजून नळीत ओतावयाची, तिच्यावर गोळी किंवा छरे गजाने ठासावयाचे आणि मागे टोपी चढवावयाची. येथे प्रत्येक बार हा नव्याने तयार केलेला असतो. म्हणून ठासणीची बंदूक चालविणाऱ्याला काही नियम जन्मभर पाळावे लागतात. शिंगातून थेट नळीत दारू ओतावयाची नाही. कारण आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असला, तर हातातील सबंध शिंग पेट घेते. दारू आधी मापात घ्यावी आणि मग नळीत घालावी. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली, तर त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. भरताना नळीच्या तोंडावर आपला चेहरा येऊ देऊ नये. टोपी चढवावयाची ती सर्वांत शेवटी. आणि रिकाम्या नळीत गज कोठवर जातो आणि भरलेल्या नळीत कोठवर, याच्या दोन खुणा गजावर कोरून ठेवाव्यात.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व अमेरिकेच्या इतिहासाने फार दारुण रीतीने पटवून दिले आहे. १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७,००० बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांतील सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. नोंद सांगते, की त्यांपैकी जवळजवळ निम्म्या बंदुकांत एकावर एक असे दोन बार होते. सुमारे चौथ्या हिश्शात तीनपासून दहापर्यंत होते. आणि एका बंदुकीत तर तेवीस! ही माणसे अडाणी नव्हती; त्यांच्याकडून बंदूक भरण्याची कवाईत शेकडो वेळा करून घेतलेली होती. परंतु भोवतालच्या गदारोळात आपला बार उडाला की नाही हेच त्यांना कळले नाही, आणि हात मात्र सवयीने भरत राहिले. सवय माणसाला कुशल करते, आणि तीच सवय त्याला आंधळाही करते.

आता धातूच्या काडतुसाकडे वळू. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसविलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. ती साफ करून, मापात आणून, पुन्हा भरता येते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत हा अनेक नेमबाजांचा आवडता उद्योग आहे. आपल्याकडे मात्र हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे, की बंदूक बाळगण्याचा परवाना आणि काडतुसे तयार करण्याचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा बनविण्यास स्वतंत्र परवाना लागतो. दारूच्या साठ्याला १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा लागू होतो, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा लेखी अधिकार नसेल, तर पुढील सर्व विवेचन केवळ ज्ञान म्हणून ऐकावे.

एकबारी रायफल साधी आणि म्हणून सुरक्षित, अशी एक समजूत आहे. तिच्यात काडतुसांची पेटी नाही, गुंतागुंतीचे भाग नाहीत. एक काडतूस घालावे, पोलादी ठोकळा बंद करावा आणि चाप ओढावा. परंतु या साधेपणातच तिचा पहिला धोका दडलेला आहे. ही रचना फार जुनी आहे. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल धूर करणाऱ्या काळ्या दारूसाठी घडविलेली होती. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली, आणि तेथून बंदुकीचे सारे गणित बदलले. काळी दारू सौम्य आणि सोशीक. नवी दारू जसजशी दाबली जाते, तसतशी अधिक वेगाने जळते, आणि तिच्या वेगाने दाब आणखी वाढतो. तेव्हा दारू दीडपट झाली म्हणजे दाब दीडपट होईल, हा हिशेब येथे चालत नाही. तो त्याहून कितीतरी पुढे जातो. जुन्या एकबारी रायफली आणि नव्या एकबारी रायफली बाहेरून बहिणी-बहिणी दिसतात. पोलाद मात्र एका पिढीचे नसते. अमेरिकेतील पंचेचाळीस-सत्तर नावाच्या काडतुसाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यातील सत्तर हा आकडा काळ्या दारूच्या सत्तर ग्रेनांचा आहे. तोच आकडा धरून कोणी नवी दारू भरील, तर रायफल त्याच्या हातात फुटेल. म्हणूनच काडतुसे भरण्याच्या प्रमाणित पुस्तकांत या एकाच काडतुसासाठी तीन निरनिराळे तक्ते दिलेले असतात. १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचा वेगळा, मध्यम ताकदीच्या रायफलींचा वेगळा आणि आधुनिक मजबूत एकबारी रायफलींचा वेगळा. काडतूस एकच असले, तरी तक्ता रायफल पाहूनच निवडावयाचा असतो. दमास्कस पद्धतीने, लोखंडाच्या पट्ट्या वळवून घडविलेल्या जुन्या नळ्यांना तर नव्या दारूपासून दूरच ठेवावे.

दुसरा धोका वजनाचा. दारू ग्रेनमध्ये मोजतात. सराफाच्या गुंजेचे जवळजवळ दोन ग्रेन होतात, आणि एका ग्रॅमचे साडेपंधरा. सोनाराच्या दुकानात काटा तोलताना पंखा का बंद करतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. येथेही पंखा बंद हवा, काटा सपाट जागेवर हवा आणि ज्ञात वजन ठेवून तो आरंभी व अखेरीस तपासलेला हवा. तक्त्यातील सर्वाधिक प्रमाणापासून कधीही आरंभ करू नये. सर्वांत कमी प्रमाणापासून निघावे आणि थोडथोडे वाढवीत जावे. गोळी बदलली, टोपी बदलली, पुंगळी निराळ्या कारखान्याची आली, अगर दारूचा नवा डबा फोडला, की पुन्हा खालून आरंभ करावा. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, आणि काम संपताच उरलेली दारू त्याच मूळ डब्यात परत जावी. दारू डोळ्यांनी ओळखता येत नाही. ज्या दारूवर नाव नाही, ती कितीही महाग असली तरी वापरावयाची नाही, आणि दोन दारू एकत्र तर कधीच करावयाच्या नाहीत.

तिसरा धोका दुहेरी भरण्याचा. आणि तो गेटिसबर्गच्या सैनिकांइतकाच आजच्या शांत खोलीत बसलेल्या माणसालाही आहे. जुन्या एकबारी रायफलींच्या पुंगळ्या मोठ्या असतात, कारण त्या काळ्या दारूने काठोकाठ भरावयाच्या होत्या. जलद जळणारी नवी दारू त्यांत चिमूटभर पुरते. साहजिकच एकाच पुंगळीत दोन वेळा दारू पडली, तरी ती ओसंडत नाही आणि वरून काही कळत नाही. यावरचे उपाय फार साधे आहेत. रिकाम्या पुंगळ्या उलट्या ठेवाव्यात आणि भरलेल्या सुलट्या. सर्व भरून झाल्यावर दिव्याच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून दारूची पातळी सारखी आहे ना हे पाहावे, आणि मगच गोळ्या बसवाव्यात. शक्य असेल तेथे पुंगळी अर्ध्याहून अधिक भरेल अशीच दारू निवडावी, म्हणजे दुसऱ्यांदा पडलेली दारू आपण होऊन बाहेर सांडेल आणि चूक बोलून दाखवील.

टोपीच्या बाबतीत एकबारी रायफलीचा एक खास मुद्दा आहे. टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आतच बसली पाहिजे. ती वर उचललेली राहिली, तर रायफलीचा ठोकळा बंद होतानाच तिच्यावर आघात होऊन, चाप न ओढता, बार उडण्याची भीती असते. टोप्या त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवाव्यात. त्या बरणीत एकत्र ओतणे म्हणजे एकीच्या ठिणगीने सर्वांना निमंत्रण देणे होय. पुंगळीकडेही रोग्याकडे पाहावे तसे पाहावे लागते. गळ्याशी चीर आहे काय, बुडाच्या थोडे वर चकाकती रेषा उमटली आहे काय, लांबी वाढली आहे काय. बार झाल्यावर पुंगळी नळीत अडकू लागली, तर पुष्कळ जण ती कशाने तरी उपटून काढतात आणि पुढचे काडतूस घालतात. एकबारी रायफलीत पुंगळी ओढून काढण्याचा जोर मुळात कमी असतो, म्हणून ती अडकणे हा दाब वाढल्याचा तिने लवकर दिलेला इशारा असतो. रायफल तक्रार करीत असते. ती ऐकून त्या दिवसाचे काम तेथेच थांबवावे.

आता मराठीतील एका शब्दप्रयोगाकडे मी श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. आपण 'फुसका बार' असे म्हणतो. सभेत कोणाची गर्जना फोल ठरली, निवडणुकीत कोणाचा गाजावाजा वाया गेला, की तो फुसका बार ठरला म्हणून आपण हसतो. बंदुकीच्या व्यवहारात मात्र फुसक्या बाराइतकी गंभीर घटना नाही. पुंगळीत दारू पडलीच नाही, किंवा अगदी थोडी पडली, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत ढकलली जाते आणि मध्येच अडकून बसते. आवाज हलका येतो, धक्का जाणवत नाही, लक्ष्यावर खूण दिसत नाही. नेमबाज चिडतो आणि दुसरे काडतूस घालतो. ते काडतूस निर्दोष असते, आणि घात करते ते तेच. कारण त्याच्या गोळीपुढे वाट बंद असते आणि नळी फाटते. म्हणून आवाज वेगळा आला, की हात थांबला पाहिजे. रायफल उघडावी, ती रिकामी आहे याची खात्री करावी आणि नळीतून आरपार उजेड दिसतो काय ते पाहावे. बार मुळीच झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान तीस सेकंद थांबावे. कारण काही टोप्या उशिरा पेट घेतात. या बाबतीत एकबारी रायफल खरोखर कृपाळू आहे. ती दर बाराला माणसाला थांबावयास लावते. तो थांबा विचारासाठी वापरावा, घाईसाठी नव्हे.

उरलेल्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो. कामाच्या खोलीत विडी-सिगारेट आणि उघडा दिवा नको. जेथे शिशाच्या गोळ्या हाताळतो, तेथे खाणेपिणे नको, आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. डोळ्यांवर चष्मा हवा. दारू आणि टोप्या निरनिराळ्या जागी, मुलांच्या हाताबाहेर आणि कुलपात असाव्यात. येलवालपासून फार दूर नसलेल्या श्रीरंगपट्टणात टिपू सुलतानाच्या काळातील दारूची कोठारे आहेत. त्यांतील एक २०१७ साली रेल्वेमार्गासाठी सबंध उचलून बाजूला सरकविण्यात आले. दारूला राहत्या घरात जागा द्यावयाची नसते हे त्या काळच्या लोकांनीही ओळखले होते.

हे सर्व नियम पुस्तकांत छापलेले आहेत. मग अपघात का होतात? मी सरकारी नोकरीतील माणूस असल्याने या प्रश्नाकडे कचेरीच्या दृष्टीने पाहतो. आमच्याकडे एक टिपणी लिहितो, दुसरा तपासतो आणि तिसरा मंजूर करतो. कोषागाराच्या दालनाला दोन कुलुपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन माणसांकडे असतात. या पद्धतीला लोक हसतात, आणि तिच्यामुळे होणाऱ्या दिरंगाईबद्दल हसावे हे योग्यही आहे. पण तिच्यामागील विचार असा, की आपलीच चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू आहे. तेथे काडतूस भरणारा हात आणि ते तपासणारा डोळा हे एकाच माणसाचे नसतात. घरी भरणाऱ्याच्या टेबलावर मात्र करणारा, तपासणारा, मंजूर करणारा आणि शेवटी ती रायफल गालाला लावणारा, हे चौघेही एकच असतात. सर्व सह्या एकाच हाताच्या!

तेव्हा काडतुसे हाताने भरणाऱ्याने सर्वांत आधी स्वतःचे दोन भाग करण्यास शिकले पाहिजे. रात्री भरले असेल, तर तपासणी सकाळी करावी, म्हणजे भरणारा झोपी गेलेला असतो आणि तपासणारा ताजा असतो. एक वही ठेवावी. तीत तारीख, दारूचे नाव, डब्याचा क्रमांक, वजन, गोळी, टोपी, पुंगळ्यांची संख्या ही सारी नोंद असावी. आणि ती दुसऱ्या कोणाला वाचून दाखवावयाची आहे अशा अक्षरात लिहावी. मध्येच कोणी हाक मारली, दूरध्वनी वाजला, तर हातातील पुंगळी रिकामी करूनच उठावे. परत आल्यावर 'मला वाटते मी ही भरली होती' हे वाक्य या कामात चालत नाही.

यावर कोणी विचारील, की इतका संशय बाळगावयाचा, तर मग विश्वास कोठे राहिला? मला वाटते, विश्वासाचा खरा अर्थ येथेच कळतो. कोडगूच्या माणसावर कायद्याने विश्वास टाकला, आणि दीडशेहून अधिक वर्षे तो टिकला. असा विश्वास घोषणेने टिकत नाही. तो त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या हातात बंदूक देताना घालून दिलेल्या शिस्तीने टिकतो. दुसऱ्यांनी आपल्यावर निःशंकपणे विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर आपण स्वतःवर थोडी शंका घेत राहिले पाहिजे. हे बंदुकीपुरतेच खरे नाही. रात्री एकटा औषध मोजून देणारा औषधविक्रेता, खांबावर चढण्यापूर्वी वीज बंद केली की नाही हे पाहणारा तारतंत्री, शेवटच्या मुद्रिताचा हिशेब तपासणारा कारकून, हे सारे त्याच टेबलाशी बसलेले असतात.

आणि व्यवहाराची एक शेवटची सूचना. एखाद्या काडतुसाविषयी मनात किंचितही शंका आली, तर ते वेगळे काढावे, गोळी उपसण्याच्या योग्य साधनाने ते उघडावे आणि दारू पुन्हा तोलावी. अशा वेळी पन्नासांपैकी एकच काडतूस संशयास्पद असते, आणि ते कोणते हे मात्र आठवत नाही. मग पन्नासही उघडावीत. त्यात एक संध्याकाळ जाते, थोडी दारू जाते, आणि हाताची दहाही बोटे शाबूत राहतात.